बिल्ला खरा की बनावट?

एखाद्या माणसाची सचोटी वाखाणायची असली की जुनी माणसे म्हणत, 'अहो, तो म्हणजे बंदा रुपया!' चांदीच्या नाण्यांच्या काळात दुकानदार रुपया हातात आला की आधी तो दगडी फरशीवर टाकी आणि कान देऊन ऐके. खणखणीत वाजला तर गल्ल्यात, बद्द वाजला तर गिऱ्हाइकाच्या हातात परत! विद्यार्थी मित्रांनो, या दुकानदाराने पदार्थविज्ञानाचे पुस्तक वाचलेले नव्हते. पण तो करीत होता तो एक शास्त्रीय प्रयोगच होता. नाणे दिसते कसे, यावर तो विसंबत नव्हता. खोटे नाणे करणाराने सारी मेहनत दिसण्यावरच घेतलेली असते, हे त्याला पक्के ठाऊक होते. म्हणून तो नाण्याला असा प्रश्न विचारी की ज्याचे उत्तर खोटे नाणे करणाराला सहज तयार ठेवता येत नसे.

आज जगभर जुनी नाणी, पदके आणि लष्करी बिल्ले जमविणारे हजारो संग्राहक आहेत. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन वैमानिकांच्या बिल्ल्यांना तर इतकी मागणी असते की त्यांच्या नकलांचा स्वतंत्र धंदाच उभा राहिला आहे. असा बिल्ला खरा की बनावट, हे ओळखायचे कसे? त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या युक्त्यांपैकी पुष्कळशा तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत करून पाहण्यासारख्या आहेत.

पहिला धडा चारमिनारच्या रुपयाचा

जर्मन बिल्ला काही आपल्या हाती लागणार नाही. तेव्हा सुरुवात घरच्याच वस्तूपासून करू. बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यात युसूफ वडगाव नावाचे गाव आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हे गाव, आणि सारा मराठवाडाच, हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाचे नाणे वेगळे होते. त्याला 'हाली सिक्का' म्हणत. या भागातल्या जुन्या घरांतून अजूनही एखादा हाली रुपया निघतो. त्याच्या एका बाजूवर चारमिनारचे चित्र असते.

त्या चित्रातली मधली कमान भिंगातून पाहा. कमानीत एक अक्षर दिसेल. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नाण्यांवर ते 'ऐन' हे अक्षर असते, कारण उर्दूत 'उस्मान' हे नाव ऐनने सुरू होते. ते थोडेसे आपल्या ६ या अंकासारखे दिसते. त्यांच्या आधीचे निजाम महबूब अली खान यांच्या नाण्यांवर तेथे 'मीम' असते. नाण्यावर हिजरी सनही असतो. हिजरी वर्षाला ०.९७ ने गुणून त्यात ६२२ मिळविले की इसवी सन अंदाजे मिळतो. उस्मान अली खान गादीवर आले १९११ साली, म्हणजे हिजरी १३२९ मध्ये. आता समजा, एखाद्या रुपयावर कमानीत 'ऐन' आहे आणि साल मात्र १३२५ आहे. म्हणजे राजा गादीवर येण्याच्या चार वर्षे आधी त्याच्या नावाचे नाणे! ही विसंगती दिसताच हातातल्या नाण्याविषयी शंका घ्यायला हवी. तपासणीचा पहिला नियम असा : वस्तूवर जे जे आहे ते सारे एकाच काळी असू शकत होते काय, हे पाहा.

दुसरा प्रयोग आर्किमिडीजचा. पूर्ण चांदीच्या काळातील हाली रुपयाचे वजन सुमारे ११.१८ ग्रॅम होते. त्यात १,००० भागांपैकी ८१८ भाग चांदी होती. बाकीचे तांबे धरू. चांदीची घनता १०.५ आणि तांब्याची सुमारे ९ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर आहे. त्यावरून या मिश्रणाची घनता १०.२ च्या आसपास येते. तराजूच्या पारड्यावर, पारड्याला न टेकणारी छोटी लाकडी घडवंची ठेवा. तिच्यावर पाण्याचे चंचुपात्र ठेवा आणि नाणे बारीक दोऱ्याने आकड्याला अडकवून पाण्यात लोंबकळत सोडा. आता त्याचे वजन सुमारे १.१ ग्रॅमने कमी भरेल. हवेतले वजन भागिले वजनातली घट, म्हणजे ११.१८ भागिले १.१. उत्तर १०.२ च्या जवळ येते. नाणे पितळेचे असेल आणि वर मुलामा असेल, तर तेवढ्याच वजनाला घट १.३ ग्रॅमच्या पुढे जाईल. मुलाम्याला डोळे फसतील, पाणी फसणार नाही.

यात आणखी एक गंमत आहे. हातोहात फिरून नाणे झिजते, त्याचे वजन घटते. पण त्याची घनता बदलत नाही. म्हणून झिजलेल्या नाण्यालाही हा प्रयोग लागू पडतो. मात्र निकालाची घाई नको. शिसे चांदीपेक्षा जड आणि कथील तिच्यापेक्षा हलके. दोन्ही योग्य प्रमाणात मिसळली तर घनता चांदीइतकी आणता येते! मग घनतेचा प्रयोग फुकट गेला काय? नाही. ते मिश्रण मऊ असते, ते खणखणीत वाजत नाही. एका प्रयोगातून निसटलेली वस्तू दुसऱ्यात सापडते. तपासणीचा हा दुसरा नियम : एका साक्षीदारावर निकाल देऊ नये. तसेच १९४० नंतरच्या वर्षांत हाली रुपयातील चांदी निम्म्यावर आणली गेली होती. तेव्हा आकडा कमी आला म्हणून लगेच 'खोटे' म्हणू नका. आधी साल पाहा आणि त्या सालचे प्रमाण काय होते ते शोधा.

वैमानिकाचा बिल्ला

हे नियम आता जर्मन बिल्ल्याला लावून पाहू. जर्मनीत लष्करी वैमानिकांना बिल्ला देण्याची पद्धत जुनी आहे. प्रशियाचा राजा आणि जर्मनीचा कैसर दुसरा विल्हेल्म याने २७ जानेवारी १९१३ रोजी असा पहिला बिल्ला सुरू केला. पुढे नाझी राजवटीत नवे हवाई दल उभे राहिले, तेव्हा नवा बिल्ला आला. लंबगोल पानांची माळ. तिची एक बाजू लॉरेलच्या पानांची, दुसरी ओक वृक्षाच्या पानांची. माळेवर पंख पसरून झेपावणारा गरुड आणि त्याच्या पायांत नाझी पक्षाचे स्वस्तिक. विमान चालविण्याचे शिक्षण पुरे करून परवाना मिळविलेल्या सैनिकाला हा बिल्ला गणवेशाच्या डाव्या छातीवर लावता येत असे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपल्या उंबरठ्यावर काढले जाणारे स्वस्तिक मंगल मानले जाते. नाझींनी उचललेल्या त्या आकृतीला मात्र लाखो निरपराध माणसांच्या हत्येचा इतिहास चिकटला आहे. शिक्षण, संशोधन अशी कारणे वगळता तिचे जाहीर प्रदर्शन करण्यास जर्मनीत कायद्याने बंदी आहे. अभ्यासक हे बिल्ले सांभाळतात ते त्या काळाचा पुरावा म्हणून. आणि पुराव्यात बनावट मिसळली की इतिहासच नासतो. म्हणूनच खऱ्या-खोट्याची ही निवड महत्त्वाची ठरते.

हे बिल्ले एकाच कारखान्यात होत नसत. बर्लिनची युंकर, ल्यूडेनशाइडची आसमान अशा अनेक कंपन्या ते बनवीत. माळ आणि गरुड हे दोन भाग वेगवेगळे छापून दोन रिव्हेटांनी एकत्र जोडले जात. मागे कपड्यात अडकविण्याची टाचणी, तिची बिजागरी आणि तिला धरणारा आकडा असे. प्रत्येक कंपनीची बिजागरी, रिव्हेटांची डोकी आणि नावाचा शिक्का यांची ठेवण ठरलेली. त्यामुळे जाणकार संग्राहक बिल्ला हातात घेतला की प्रथम तो उलटा करतो! नकला करणारा दर्शनी बाजू सजवितो. पाठीमागे एका कंपनीचा शिक्का आणि दुसऱ्याच कंपनीच्या धाटणीची बिजागरी असेल, तर त्याचा घाईघाईचा कारभार उघडा पडतो.

ठशाचे काम आणि ओतकाम

आता मुख्य प्रश्न : वस्तू घडविली कशी? नाणी, पदके, बिल्ले बहुधा ठशाने छापतात. कठीण पोलादावर उलटी आकृती कोरायची, तिच्याखाली धातूची चकती ठेवायची आणि यंत्राने प्रचंड दाब द्यायचा. थंड धातू त्या दाबाखाली कणकेसारखा वाहतो आणि कोरीव कामाच्या प्रत्येक खाचेत शिरतो. त्यामुळे पिसांच्या रेषा तीक्ष्ण उमटतात आणि मोकळी जागा गुळगुळीत राहते.

नकली माल करणाराला पोलादी ठसा कोरवून घेणे महाग पडते. त्याला सोपा मार्ग म्हणजे खऱ्या बिल्ल्यावरून साचा घ्यायचा आणि त्यात वितळलेला धातू ओतायचा. पण ओतकामाच्या खुणा राहतात. वितळलेल्या धातूत अडकलेल्या हवेमुळे पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे खळगे पडतात. रेषांच्या कडा गोलसर होतात. साच्याचे दोन भाग जुळतात तेथे कडेला बारीक धार येते. ती कानशीने घासली तर घासल्याच्या रेघा राहतात. दहापट मोठे दाखविणारे साधे भिंग हे सारे दाखविते.

याहून सुंदर पुरावा आकारमानाचा. उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात आणि थंड होताना आकुंचन पावतात, हे तुम्ही शिकला आहात. ब्राँझचा रेषीय प्रसरणांक सुमारे ०.०००००१८ गुणिले १०, म्हणजे ०.००००१८ आहे. घट्ट झालेले ब्राँझ खोलीच्या तापमानाला येईपर्यंत सुमारे ८५० अंश सेल्सिअसने निवते. दोन्हींचा गुणाकार करा : ०.०१५. म्हणजे लांबी दीड टक्क्याने कमी होते! मूळ पदकाचा व्यास ३६ मिलिमीटर असेल, तर त्यावरून ओतलेली नक्कल सुमारे अर्ध्या मिलिमीटरने लहान भरेल. अर्धा मिलिमीटर डोळ्यांना जाणवत नाही. पण तुमच्या प्रयोगशाळेतला व्हर्निअर कॅलिपर एक दशांश मिलिमीटर मोजतो. त्याला तो लगेच सापडतो. लांबी, रुंदी आणि जाडी तिन्ही दीड टक्क्याने घटल्यामुळे घनफळ साडेचार टक्क्यांनी घटते, आणि धातू तोच असेल तर वजनही तेवढेच घटते. मूळ वस्तू न पाहताही, तिची ठरलेली मापे माहीत असतील तर हा हिशेब करता येतो.

भिंगाखाली आणखी एक बारकावा पाहायचा असतो. पोलादी ठशाला कधी बारीक तडा जातो. मग त्या ठशातून निघणाऱ्या प्रत्येक बिल्ल्यावर, नेमक्या त्याच जागी, तीच रेघ उमटते. असा दोष बिल्ल्याच्या खरेपणाची खूणच होय. उलट, वापरताना पडलेला पोचा किंवा ओरखडा प्रत्येक वस्तूचा वेगळा असतो. तोच पोचा दोन बिल्ल्यांवर एकाच जागी दिसला तर? तो पोचा साच्यातून आलेला आहे; निदान एक बिल्ला तरी नक्कल आहे! सारखेपणा एके ठिकाणी खरेपणाची साक्ष देतो आणि दुसरीकडे खोटेपणाची. कोणता दोष कोठून आला, हे समजले तरच त्याचा अर्थ लागतो.

धातू काय सांगतो?

आपल्याकडे ॲल्युमिनिअमच्या पातेल्याला खेड्यापाड्यांत 'जर्मनचे पातेले' म्हणतात. 'जर्मन सिल्व्हर' नावाचा धातू मात्र वेगळाच. त्यात चांदीचा कणही नसतो. तांबे, निकेल आणि जस्त यांचे ते मिश्रण होय. सुरुवातीच्या काळातील वैमानिकांचे अनेक बिल्ले या मिश्रणाचे किंवा ॲल्युमिनिअमचे होत. पुढे युद्ध लांबले. तांबे आणि निकेल तोफगोळ्यांसाठी व यंत्रांसाठी हवे होते. मग बिल्ले जस्ताचे होऊ लागले. अशा रीतीने बिल्ल्याचा धातू युद्धाची हालहवाल सांगू लागतो!

जर्मन सिल्व्हरची घनता सुमारे ८.७, जस्ताची ७.१, ॲल्युमिनिअमची २.७. पाण्याच्या प्रयोगात हे तिन्ही सहज वेगळे पडतात. शिवाय प्रत्येक धातूचे म्हातारपण वेगळे. तांब्याच्या मिश्रणावर हिरवट थर येतो, जस्तावरचा रुपेरी मुलामा जाऊन राखी रंग दिसू लागतो, चांदी हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे काळवंडते. जस्ताच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या बिल्ल्यावर हिरवे डाग असतील, तर त्यात तांबे कोठून आले असा प्रश्न विचारावा लागतो.

बनावट करणारे रसायने लावून वस्तूला कृत्रिम म्हातारपण आणतात. पण झिजेचाही एक न्याय असतो. गणवेशावर घासून प्रथम झिजतात ते उंचवटे : गरुडाची छाती, पंखाची कड, पानांच्या शिरा. खोलगट भागात मळ साचतो. ज्या बिल्ल्यावर उंच आणि खोल भाग सारखेच काळे पडलेले आहेत, किंवा टाचणी नवी कोरी आणि गरुड मात्र झिजलेला आहे, त्याची कहाणी जुळत नाही.

नेमके कोणते धातू किती आहेत हे वस्तूला इजा न करता पाहायचे, तर क्ष-किरणांची मदत घेतात. क्ष-किरणांच्या माऱ्याने अणूच्या आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उडतो. रिकाम्या जागी बाहेरच्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उतरतो आणि जाताना ठरावीक ऊर्जेचा क्ष-किरण सोडतो. प्रत्येक मूलद्रव्याची ही ऊर्जा वेगळी असते. इंग्लंडच्या मोझली या तरुण शास्त्रज्ञाने १९१३ साली तिचे अणुक्रमांकाशी असलेले नाते दाखवून दिले. दोनच वर्षांनी, पहिल्या महायुद्धात, गॅलिपोलीच्या रणभूमीवर तो मारला गेला. त्याच्या शोधावर आधारलेली उपकरणे आज हातात धरण्याइतकी लहान झाली आहेत. मात्र ती मुख्यतः वरच्या पातळ थराचीच माहिती देतात. जाड मुलामा असेल तर त्याखालचे धातू त्यांना नीट दिसत नाहीत. म्हणून त्यांच्या जोडीला आर्किमिडीज हवाच!

गाजलेली फसवणूक

खोट्या वस्तूंच्या तपासणीतील सर्वांत मोठा धडा जर्मनीतच मिळाला. एप्रिल १९८३ मध्ये 'श्टेर्न' या साप्ताहिकाने जाहीर केले की हिटलरच्या हस्ताक्षरातील रोजनिशा आपल्याला मिळाल्या आहेत. त्यासाठी ९३ लाख मार्क मोजले गेले होते. हस्ताक्षरतज्ज्ञांनी अक्षर जुळते म्हणून निर्वाळा दिला होता. एका नामवंत इतिहासकारानेही आरंभी विश्वास ठेवला होता.

मग जर्मनीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या पुढाकाराने पाने तपासली गेली. अतिनील किरणांखाली (जुन्या पाठ्यपुस्तकांत यांनाच जंबुपार किरण म्हणत) कागद चकाकू लागला. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात घातलेले रसायन युद्धानंतर वापरात आलेले होते. बांधणीच्या दोऱ्यात पॉलिएस्टर सापडले. १९४५ साली मेलेल्या माणसाच्या वहीत पुढच्या काळातला कागद आणि दोरा! ६ मे १९८३ रोजी त्या रोजनिशा बनावट असल्याचे जाहीर झाले. त्या लिहिणारा कोन्राड कुयाऊ हा श्टुटगार्टचा नाझी काळातील वस्तूंचा व्यापारी होता आणि असल्या पुष्कळ बनावट वस्तू त्याने आधीच विकलेल्या होत्या. १९८५ साली त्याला आणि रोजनिशा मिळवून देणाऱ्या वार्ताहराला तुरुंगवासाची शिक्षा झाली.

पण मग हस्ताक्षर जुळले कसे? तज्ज्ञांना तुलनेसाठी 'खरे' म्हणून जे नमुने दिले गेले, त्यांत कुयाऊनेच लिहिलेले कागद होते! खोट्याची तुलना खोट्याशी झाली आणि दोन्ही अगदी तंतोतंत जुळली. मित्रांनो, हा तिसरा नियम मनात कोरून ठेवा : ज्याच्याशी तुलना करायची तो नमुना आधी खरा असला पाहिजे. चुकीच्या मोजपट्टीने कितीही काळजीपूर्वक मोजले तरी माप चुकीचेच येणार. बिल्ल्यांच्या बाबतीतही असेच होते. बनावट बिल्ला एखाद्या सचित्र पुस्तकात खरा म्हणून छापला गेला, की तो पुढच्या बनावटांना साक्षीदार म्हणून उभा राहतो.

अतिनील दिव्याचा प्रयोग पदकाच्या फितीवरही करतात. आधुनिक धागा निळसर चमकतो, जुना सुती वा रेशमी धागा चमकत नाही. पण येथेही सावधगिरी हवी. आजच्या धुण्याच्या पावडरीत कपडे शुभ्र दिसावेत म्हणून तसलेच चकाकणारे रसायन असते. कोणी हौसेने जुनी फीत त्यात धुतली, तर शंभर वर्षांची खरी फीतही चमकू लागेल! चमकली म्हणजे बनावट असे थेट म्हणता येत नाही, 'का चमकली?' हे विचारावे लागते.

आणखी एक मधला वर्ग आहे. पश्चिम जर्मनीने १९५७ साली कायदा करून माजी सैनिकांना जुनी सन्मानचिन्हे स्वस्तिक वगळून वापरण्याची मुभा दिली. त्यानुसार नव्याने बिल्ले तयार झाले. ते बनावट नव्हेत. पण युद्धकाळातलेही नव्हेत. त्यांना युद्धकाळातले म्हणून विकणे ही मात्र फसवणूक होय. तेव्हा 'खरे की खोटे' हा प्रश्न अपुरा आहे. 'ही वस्तू जे असल्याचे सांगते, तेच ती आहे काय?' असे विचारावे.

मराठी शूरांची पदके

याच जर्मन सैन्याशी दुसऱ्या महायुद्धात इटलीमध्ये मराठा पलटणी लढल्या. रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मशीनगनच्या ठाण्यावर एकट्याने चाल केली, ते जिंकले आणि तेथेच ते धारातीर्थी पडले. अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी जखमी साथीदारांना वाचवून शत्रूची ठाणी बंद पाडली. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

हा क्रॉस तपासणाराला चांगलाच चकवा देतो. इतर पदके ठशाने छापतात. हा मात्र ब्राँझ ओतून, मग हाताने कोरून पुरा करतात. म्हणजे 'ओतीव ते बनावट' हा आपला आडाखा येथे चालत नाही! क्रॉस क्रिमियाच्या युद्धात रशियाकडून जिंकलेल्या तोफांच्या धातूपासून होतात, असे बरीच वर्षे मानले जाई. जॉन ग्लॅनफील्ड या अभ्यासकाने क्ष-किरण तपासणीच्या आधारे मांडले की डिसेंबर १९१४ पासूनच्या क्रॉसमधील धातू जुन्या चिनी तोफांचा आहे. विज्ञानाने केवळ नकला पकडल्या असे नाही; सर्वमान्य समजूतही दुरुस्त केली. क्रॉसच्या वरच्या पट्टीच्या मागे सैनिकाचे नाव आणि मागील वर्तुळात पराक्रमाची तारीख कोरलेली असते. ती नोंदींशी ताडून पाहता येते.

पहिल्या महायुद्धातील पदकांच्या बाबतीत तर नाव हीच मोठी साक्ष. ब्रिटिश वॉर मेडल हे ३६ मिलिमीटर व्यासाचे चांदीचे पदक. त्याच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. मजूर तुकड्यांतील व बिगरलढाऊ माणसांना तेच पदक ब्राँझचे मिळाले. त्यामुळे ब्राँझचे पदक पाहून 'चांदीचे नाही, म्हणजे नकली' असे म्हणणे चूक ठरेल. कडेवरच्या अक्षरांवरूनही काळ ताडता येतो. मराठा पलटणी पहिल्या महायुद्धात १०३, १०५, ११०, ११७ अशा क्रमांकांनी ओळखल्या जात. १९२२ च्या पुनर्रचनेत त्या 'पाचवी मराठा लाइट इन्फंट्री' या नावाखाली आल्या. त्या युद्धाच्या पदकावर नंतरचे नाव दिसले, तर थांबून चौकशी करावी. अक्षरेही भिंगाने पाहावीत. जुने नाव घासून नवे ठोकले असेल, तर तेथे कड किंचित पातळ झालेली असते आणि कॅलिपरने व्यास त्या दिशेने कमी भरतो.

मराठवाड्याचा या युद्धाशी संबंध होता काय? होता. हैदराबाद संस्थानाचे लान्सर्स घोडदळ इजिप्त आणि पॅलेस्टाइनच्या आघाडीवर गेले होते. दिल्लीच्या तीन मूर्तींपैकी एक मूर्ती त्यांच्याच नावाची आहे. ब्रिटिश हिंदुस्थानी फौजेत आणि मजूर तुकड्यांत तर आपल्या प्रांतांतून असंख्य माणसे गेली.

तुमच्या घरी पदक असेल तर

१९८० च्या सुमारास जगभर चांदीचे भाव भडकले, तेव्हा ब्रिटिश वॉर मेडले मोठ्या संख्येने वितळविली गेली. प्रत्येक पदकाबरोबर कडेवरचे एक नावही मुशीत गेले. कित्येक साध्या सैनिकांच्या बाबतीत घरच्यांजवळ त्याशिवाय दुसरी खूण उरली नव्हती.

तेव्हा घरच्या पेटीत जुने पदक, बिल्ला किंवा नाणे सापडले, तर प्रथम हात आवरा. चिंच, राख, रांगोळी काही लावू नका. चिंचेतले आम्ल तांब्यावरचा थर विरघळविते, राखेचे कण उंचवटे घासून टाकतात. वस्तू चकचकीत होते खरी; पण तिच्या वयाचा पुरावा आणि कडेवरची बारीक अक्षरे मोरीतून वाहून जातात. कसोटीचा दगड, कानस, तेजाब यांनाही दूर ठेवा. रबरबँडमध्ये गंधक असते, त्याने चांदी काळी पडते. काही प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून कालांतराने आम्ल सुटते. स्वच्छ सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवणे उत्तम.

मग वही घ्या. वजन, व्यास आणि पाण्यातली घट लिहा. मात्र फीत किंवा कागद जोडलेला असेल तर वस्तू पाण्यात घालू नका. भिंगाने पाहून कडेवरचे प्रत्येक अक्षर आणि अंक जसाच्या तसा उतरवा. अर्थ लागत नसला तरी उतरवा. वस्तू घरात कोणी आणली, ते कोणत्या पलटणीत होते, हे आजी-आजोबांना विचारून त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. पेटीतला एखादा मळका कागद सैनिकाचा सुटकेचा दाखला असू शकतो. तो पदकाइतकाच मोलाचा. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावला आहे आणि युद्धात मृत्यू पावलेल्यांच्या नोंदी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाकडे आहेत. त्यांच्याशी ताडून पाहण्यासाठी तुमची ही वही उपयोगी पडेल. नाण्यांच्या अभ्यासासाठी नाशिकजवळ अंजनेरी येथे १९८० साली स्थापन झालेली नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. आणि हेही ध्यानात असू द्या : शंभर वर्षांहून जुनी नाणी आणि वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतात. खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर पाठविता येत नाहीत.

बाजारात जर्मन वैमानिकाच्या बिल्ल्याला मोठी किंमत येते, म्हणून त्याच्या नकला होतात. मजूर तुकडीतल्या माणसाच्या ब्राँझ पदकाला बाजार त्या मानाने फारसे विचारीत नाही. पण त्याच्या कडेवर एका माणसाचे नाव आहे, आणि ते वाचायला एक भिंग आणि थोडा उजेड पुरतो. येत्या सुटीत हे काम करून पाहा. एखाद्या नावाचा माग लागला, तर तो आपल्या वर्गालाही सांगा.